रिकाम्या बंगल्यातली बडबड

माझं नाव चांगुणा. माहेर नवलाख उंबरे गावाच्या वरल्या अंगाला. आता तितं कंपन्यांची पत्र्याची छपरं दिसत्यात, पण माझ्या लहानपणी नुसता माळ व्हता आन् आमी त्या माळावर शेरडं हाकायचो. लगीन करून हितं मळवलीला आले. चा घ्या ताई, कोराच हाय, दूध मांजरानं पाडलं. तुमी सोमाटण्यास्नं वही घेऊन एवढ्या उन्हाच्या आलाय, शिकलेल्या हाय, तुमाला माझ्या बोलण्यात काय सापडणार म्हायत न्हाई, पण आलाच हाय तर ऐका, मला बोलायला कुणी लागतंच.

हा बंगला जितं उभा हाय ना, ती आमच्या सासऱ्याची भातखाचरं. आंबेमोहर पिकायचा, त्याचा वास रस्त्यापातूर जायचा. आमी विकायला बसलो नव्हतो. आजूबाजूच्यांनी विकलं, घेणाऱ्यांनी कुंपणं घातली, पाण्याचा पाट बुजवला, आन् आमचं खाचर मधी राह्यलं, बैल न्यायला वाट न्हाई. सासरा म्हणला आता ह्याला शेत म्हणायचं का पिंजरा, आन् त्यानं मुंबईच्या थोरल्या शेठला दिलं. पण आमच्या भावकीत एक रीत हाय ताई, खाचर विकलं तरी खळं विकत न्हाईत. खळं म्हंजे जितं भात झोडत्यात ती सारवलेली जागा, तितं रास लागते, राशीची पूजा व्हते, ते विकलं तर घरात दाणा टिकत न्हाई असं आमची माणसं मानत्यात. सासऱ्यानं थोरल्या शेठला उभ्या उभ्या सांगितलं, सगळं तुझं, खळं आमचं, तितं आमी दोन खोल्या बांधून राहू. थोरले शेठ हो म्हणले. कागद झाला तवा सगळा गट एकच गेला, खाचर आन् खळं एकाच नंबरात. खळ्याचं वेगळं काय लिहून घ्यावं हे कुणाच्या मनातच आलं न्हाई. विकलं त्याचा कागद करायचा, जे विकलंच न्हाई त्याचा कागद कशाला, असं सासऱ्याचं म्हणणं. तुमी हसताय, हसा, आमाला तवा त्यात हसण्यासारखं काय दिसलं न्हाई.

तर अशे आमी आमच्याच जमिनीवर राखणदार झालो. आमचे हे बागेचं बघायचे, मी झाडलोट, भांडी, चादरी. थोरले शेठ वारले आन् धाकटे शेठ, त्यांचा पोरगा, आले. वर्षातनं दोन-चारदा यायचे, पोहायला उतरायचे, कोंबडी खायची आन् जाताना मला म्हणायचं, मावशी, घराकडं लक्ष ठेवा. जसं काय मी त्याच्या घराकडं बघायलाच जन्माला आले.

रेडिओ त्यानंच आणला. ह्या लायनीत एका बंगल्यात चोरी झाली, तवा सगळ्या शेठ लोकांनी ठरवलं की घर रिकामं असलं की आत दिवसभर रेडिओ लावून ठेवायचा. तो पण गाण्याचा न्हाई. गाणी लागली की चोराला कळतं, माळी एकटाच पाय पसरून पडलाय. बोलायचा लावायचा, म्हंजे आत माणसं बसून बोलत्यात असं वाटतं. दिल्लीपासनं देशभर चालतं ते बोलकं स्टेशन, थोडा येळ हिंदी, थोडा येळ मराठी, सकाळी पाच मिनिटं संस्कृत. तुमी कालव्याकडनं गेटापर्यंत चालत आला तर बातमी तुटत न्हाई, एका बंगल्यात सुरू झालेलं वाक्य दुसऱ्या बंगल्यात संपतं, आन् माणूस एकाबी घरात न्हाई. माकडं पहिल्यांदा घाबरली, मग खिडकीत बसून ऐकायला लागली. चोराचं म्हायत न्हाई. मला मात्र त्या रेडिओनं वैताग दिला.

उजाडलं की मी हॉल उघडायचे, रेडिओ लावायचे, झाडून घ्यायचे आन् परत कुलूप. दिवस असा सुरू व्हायचा. सगळ्यात आधी एक बाबा यायचा, शांत आवाजाचा. म्हणायचा हाव सोडा, जे हाय त्यात समाधान माना. मी झाडू हातात धरून त्याला म्हणायचे, बाबा, हे शेठला सांग, तो मुंबईला झोपलाय, मला काय सांगतो, माझ्याकडं सोडायला हाय काय. मग बातम्या. ती बातम्यावाली बाई लय साफ बोलती, पण पूर आला तरी त्याच आवाजात आन् सोनं महागलं तरी त्याच आवाजात. मला तिचा राग यायचा. म्हणायचे, एवढी माणसं वाहून गेली, तुझा आवाज जरा तरी हलू दे बाई.

मग शेतकऱ्यांचा कार्यक्रम. ह्याच्यावर माझा सगळ्यात जास्त दात. शेतकरी बंधूंनो म्हणायचा. आता आत सोफा, टेबल, भिंतीवर हरणाचं खोटं डोकं, त्यातला कोण ह्याचा शेतकरी बंधू. चिखलणी नीट करा म्हणायचा, रोपं अमक्या अंतरानं लावा म्हणायचा, आन् जितं आमची चिखलणी व्हायची तितं फरशी घातलेली. आमचे हे मात्र कुदळ टाकून खिडकीखाली उभे राह्यचे. मान खाली घालून ऐकायचे. मी म्हणायचे, काय ऐकताय, कुटं लावणार हाय रोपं, शेठच्या टबात. हे काय बोलायचे न्हाईत. आमचे हे बोलतच न्हाईत ताई, काय सांगू तुमाला, हाच माझ्या जन्माचा त्रास. लगीन झाल्यापासनं ह्या माणसानं जेवढं तोंड उघडलं तेवढं तो रेडिओवाला सकाळच्या चहापर्यंत उघडतो. म्हणून तर मी रेडिओशी भांडायला लागले. भांडायला कुणीतरी पायजे का न्हाई. भिंतीशी भांडलं तर लोक येडी म्हणत्यात, रेडिओशी भांडलं तर हसत्यात, एवढाच फरक.

दुपारच्या आधी बायकांचा कार्यक्रम. मैत्रिणींनो, स्वतःसाठी वेळ काढा. मी म्हणायचे, कुटनं काढू, तू देतीस का तुझ्यातला. मग डॉक्टर. लोक फोन करून दुखणी सांगायचे आन् डॉक्टर गोड गोड बोलायचा, गुडघे दुखत असतील तर पायऱ्या टाळा. तवा मी त्या बंगल्याच्याच पायऱ्या पुसत असायचे, वरनं खाली. मी फडकं पिळून म्हणायचे, टाळते, तू ये पुसायला. पलीकडच्या बंगल्यावर बबन हाय राखणीला, तो कुंपणावरनं ओरडायचा, चांगुणामावशी, आज कुणाला हाणलं, मंत्र्याला का डॉक्टरला. मी म्हणायचे दोघांना, आन् आता तुझाच नंबर हाय. तो हसायचा. त्याची बायको संस्कृत बातम्या ऐकून मान हलवायची, जसं काय सगळं कळलं. विचारलं काय कळलं, तर म्हणायची, काय चांगलं न्हाई चाललं जगात.

संध्याकाळी नाटक असायचं. त्यात एक बाई रडायची आन् एक माणूस दार आपटायचा, रोज नाटक निराळं पण दार तेच असावं असं वाटायचं. कवा क्रिकेट, तवा तो माणूस श्वास न घेता बोलायचा आन् मी म्हणायचे, अरे दमशील, पाणी पी. आन् एक हवामानाचं असायचं, त्यात सांगायचे की समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी जाऊ नये. हितं डोंगरात, रिकाम्या घरात, समुद्रात जाऊ नका. पण खरं सांगू, अख्ख्या दिवसात मला तेवढं एकच बोलणं पटायचं. त्यात गोडबोलेपणा न्हाई. जाऊ नका म्हंजे जाऊ नका.

चर्चा राह्यली सांगायची. दुपारी जेवणं झाली की दोन-तीन शिकलेली माणसं बसून चर्चा करायची. रोज विषय निराळा, पण फिरून फिरून कुणाला तरी कुटनं तरी उठवायचंच बोलणं जास्त. धरणाखालची माणसं, रस्त्याखालची माणसं, कारखान्याखालची माणसं. त्यांचं पुनर्वसन, त्यांची मानसिकता. आवाज असे की तुपात घोळलेले. ती चर्चा लागली की माझं डोकं फिरायचं, आन् मी मागच्या धुण्याच्या दगडावरनं त्यांना उत्तरं द्यायचे. मोठ्यानं द्यायचे. हॉलची मागची खिडकी दगडाच्या वरच हाय, ही बघा. बबनला सवय झालेली, ह्यांना तर झालेलीच. कुणाला काय वाटायचं न्हाई.

आता ते उन्हाळ्यातलं सांगते, त्याच्यासाठीच तुमी आलाय. बबननं सांगितलं असंल तुमाला, त्याच्या पोटात काय राह्यत न्हाई.

त्या दिवशी शेठच्या सगळ्या चादरी धुवायला काढलेल्या. हे कामशेतला गेलते, गवत कापायच्या मशीनचं पातं आणायला. पुढची गल्ली पाइपासाठी उकरून ठेवलेली, गाडी आत येत नव्हती, म्हंजे गाडी आल्याचा आवाज न्हाई, काय न्हाई. मी मागं दगडावर. चर्चेची येळ झालेली. आत दोन पुरुष बोलत व्हते. एक म्हणला, मागं त्या दोन खोल्या दिसतात, त्या कुणाच्या. दुसरा म्हणला, कामाची माणसं आहेत, तात्पुरती, दसऱ्याच्या आधी काढून देतो. पहिला म्हणला, नीट निघतील ना, मला मागाहून कटकट नको. तर दुसरा म्हणला, अहो अशी माणसं कुठं भांडतात, दोन पत्रे आणि चार भांडी दिली की जातील वर डोंगरात.

मी म्हणलं घ्या, आज आमच्यासारख्या कुणाची तरी पाळी आली चर्चेत. आन् मी पेटले. चादर पिळता पिळता म्हणलं, पत्रे तुझ्याच डोक्यावर ठोक. काढून देतो म्हंजे काय, आमी काय तुझ्या दातात अडकलोय. खाचर घेतलं, पाट घेतला, वाट घेतली, आता टेकायची जागा पण घ्या. आमच्या सासऱ्यानं खळं विकलेलं न्हाई, ह्या शेठच्या बापाला तोंडावर सांगितलं व्हतं सगळं तुझं खळं आमचं, आन् तो हो म्हणला व्हता. पोराला बापाचा शब्द म्हायती हाय, पण पोहताना कानात पाणी जातं त्याच्या. तुमी चर्चा करा, आमी उठत न्हाई. असं बरंच बोलले, सगळं तुमाला सांगत न्हाई, तुमी लिहून घेताय.

बोलले आन् आत एकदम गप्प झालं.

ताई, इतकी वर्षं मी त्या रेडिओला बोलले, तो कवा गप्प बसला न्हाई. वीज गेली म्हणावं तर पाण्याचा पंप चालू व्हता. माझ्या हातातली चादर तशीच राह्यली. आन् तेवढ्यात बबनच्या बंगल्यातनं चर्चा ऐकू आली. खरी चर्चा. ती मधमाश्यांवर चालली व्हती.

वर खिडकी उघडली. धाकटे शेठ. त्याच्याकडं त्याची चावी असती, पुढनं चालत आला, रेडिओ बंद केला आन् बंगला विकत घ्यायला आलेल्या गिऱ्हाईकाला घेऊन बसला. मला कळवलंबी न्हाई. मला म्हणला, मावशी, कुणाशी बोलताय. मी म्हणलं रेडिओशी. तो म्हणला, रेडिओ मी बंद केलाय. मी म्हणलं, मग तुमच्याशी.

गिऱ्हाईक मागच्या दारानं बाहेर आलं. पुण्याकडचा माणूस, वयस्कर, बोटात गाडीची चावी फिरवत. मला म्हणला, खळं म्हणजे कुठून कुठपर्यंत. मी दाखवलं, ह्या आंब्यापासनं धुण्याच्या दगडापर्यंत, दोन खोल्या धरून. शेठ मागनं म्हणत व्हता, तसं काही नाही हो, कागदावर गट एकच आहे. तो माणूस म्हणला, कागद मी बघितलाय, बाई आज बघितली. आन् चावी मुठीत धरून गल्लीतल्या खड्ड्यांवरनं उड्या मारत निघून गेला. त्याला आमची दया आली असं समजू नका, त्यालाबी आमी कटकटच. फक्त त्या कटकटीपायी सौदा अडला, तेवढं माझ्या उपयोगी पडलं.

मग शेठ माझ्यावर जे बोलला ते काय सांगू. माझ्या घरात राहून माझंच वाटोळं, इतकी वर्षं पोसलं, साप पोसला. मी म्हणलं, शेठ, पोसलं म्हणू नका, मी काम केलंय, आन् घर तुमचं, पण तुमी उभे हाय ती जागा आमची, जरा बाजूला व्हा, चादरी वाळत घालायच्यात. खरंच घातल्या मी चादरी. एकेक झटकून, टोकं जुळवून घातल्या.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज निराळा, त्या डॉक्टरासारखा. म्हणला, मावशी, झालं गेलं सोडा. त्या गृहस्थांना मी फोन जोडून देतो, तुम्ही एवढंच सांगा की तुम्ही रेडिओवर चिडला होतात, खळंबिळं काही नाही. तुमचं काम चालू राहील, खोल्याही वर्षभर राहतील. बबन हितंच बसला व्हता, तो खुणा करत व्हता, म्हण हो म्हण, रेडिओलाच बोलत व्हतीस ना, मग खोटं काय त्यात. आन् ताई, तेवढं खरंच व्हतं, मी रेडिओलाच बोलत व्हते. पण जे बोलले ते पण खरंच व्हतं. आता त्यातलं एक खरं सांगितलं तर दुसरं खोटं पडत व्हतं, आन् एकदा माझ्या तोंडनं खळं न्हाई असं गेलं, तर मग कुणाच्या तोंडनं हाय म्हणून येणार. मी गप्प. मी गप्प बसले ह्याचंच बबनला नवल.

तर आमच्या ह्यांनी माझ्या हातातला फोन घेतला. दोन्ही हातांनी धरला, जसं काय भरलेलं भांडं. आन् म्हणले, खळं हाय. एवढंच. आन् फोन माझ्या हातात परत दिला आन् बाहेर गेले.

मी त्या माणसाला आयुष्यभर किती बोलले. त्या दिवशी उठून त्यांच्यासाठी चा ठेवला.

मग काय, काम गेलं. हॉलची चावी गेली. आमच्या खोल्यांना वीज बंगल्यातनं यायची, ती तोडली. रेडिओ नेला, त्याच्या जागी कॅमेरे लावले, हा बघा एक, आपल्याकडंच तोंड करून हाय, तुमीबी दिसत असाल शेठला मुंबईत. हे आता कामशेतला एका नर्सरीत जात्यात, मी बबनच्या बायकोसंगं दुसऱ्या बंगल्यांवर भांडी करते. शेठ म्हणतो वकील पाठवतो. पाठवू दे. गावातली काय माणसं आमाला शहाणी म्हणत्यात, काय म्हणत्यात शेठशी वाकडं घेऊन हिनं काय मिळवलं. मी म्हणते, तुमचं काय गेलं, तुमची तर खाचरं पण गेली आन् खळी पण गेली.

आन् ह्यांनी काय केलं सांगते. कुणाला न विचारता, मलाबी न विचारता, दसरा झाल्यावर खळं उकरलं, चोपलं, सारवलं. आमचं स्वतःचं भात न्हाई, एक लोंबी न्हाई. हे वरच्या वाडीत गेले आन् तितल्या लोकांना काय सांगितलं देव जाणे, सांगितलं का नुसते उभे राह्यले, पण लोक पेंढ्या घेऊन उतरले. गेले आठ-दहा दिवस हितं झोडणी चाललीय. कोंडा उडतो, वारं खाली बंगल्याकडं हाय, सगळा शेठच्या पोहायच्या पाण्यात जातो. बबन म्हणतो, मावशी, जाळीनं काढ तरी. मी म्हणते, ते काम गेलं माझं, आता शेठनं काढावा.

आमी राहू का न्हाई, ते मला म्हायत न्हाई, ताई. कागद त्याच्याकडं हाय. एखाद दिवशी पोलीस आणून भांडी बाहेर फेकील, तेवढी ताकद त्याची हाय. पण फेकायला त्याला ह्या खळ्यावर यावं लागंल, आन् वाडीची माणसं झोडणी थांबवून बघत असताना म्हणावं लागंल की माझ्या बापानं शब्द दिला नव्हता. म्हणू दे. मी समोर उभी राह्यते, बघते कसा म्हणतो ते.

निघालाय का. थांबा, अशा जाऊ नका, रास लागली असताना खळ्यावर आलेल्या लेकीला रिकाम्या हातानं लावून देत न्हाईत. ओढणी पसरा. भात नवं हाय, थोडं वाळवा, मग उखळात कांडून सडा. तुमचं चांगलं होऊ दे, नोकरी लागू दे, आईबाप सुखात राहू देत. आन् शेठला कुटं भेटलात तर सांगा, त्याचा बाप आला असता तर त्यालाबी ओंजळ दिली असती, ह्याला न्हाई देणार.